एअरलाइनची इमेज: चकाचक जाहिरात की रिॲलिटी शो?
पुण्याच्या लोहगाव विमानतळावर चेक-इन बंद झाल्यावर काउंटरवर जो राडा होतो ना, "अहो मॅडम, दोनच मिनिटं उशीर झालाय", तसलाच राडा ब्रिटनमध्ये ईझीजेट या स्वस्त विमान कंपनीने १९९९ पासून आयटीव्ही चॅनेलच्या 'एअरलाइन' या रिॲलिटी शोमध्ये बिनधास्त दाखवू दिला. जाहिरातीत काय, ढग, म्युझिक, हसरी एअर होस्टेस, पैसे मोजले की हवं ते दिसतं, पण विश्वास कोण ठेवतो. शोमध्ये रडारड, भांडणं सगळं येतं, तरी नाव घरोघरी पोचतं आणि स्वस्त तिकीट म्हणजे नियम कडक हे लोकांना आधीच कळतं. अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सनेही २००४ मध्ये हेच केलं. मी तर म्हणतो शोच करा, फक्त काउंटरवरचा माणूस खेकसला की वाट लागली, तिथे रीटेक नाही.