इलेक्ट्रिक गाडी, अकरा महिने: रेंजचं सोडा, आधी सॉकेट बघा

गाडी घेतली तेव्हा जो तो एकच विचारायचा, "एका चार्जमध्ये किती जाते?" अकरा महिने आणि १४,००० किलोमीटर झाले. त्रास दिला तो रेंजने नाही, भिंतीतल्या सॉकेटने.

बॅटरी ४० किलोवॉट-तासांची, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची. सोबत मिळालेला पोर्टेबल चार्जर १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावायचो. तिसऱ्या महिन्यात एकदा सकाळी प्लग काढायला गेलो आणि चटकाच बसला. पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, जळका वास. वायरमनने सॉकेट उघडलं तर मागचा स्क्रू नुसत्या बोटाने फिरत होता. गीझरही जवळपास एवढाच करंट ओढतो, पण वीस मिनिटं. गाडी सलग आठ तास ओढते. जोड सैल असला की तिथला रोध वाढतो आणि सगळी उष्णता त्या एका ठिकाणी साठते. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच, का पडला नाही? करंट मर्यादेतच होता, त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल.

मग मीटरपासून वेगळी तांब्याची वायर ओढली, औद्योगिक सॉकेट बसवलं, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावले, अर्थिंग तपासून घेतलं. शिवाय चार्जर १० अँपिअरवर आणला. उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे १६ चे १० केले की जोडावरची उष्णता निम्म्याहून खाली येते. वेळ जास्त लागतो, पण माझे रोजचे चाळीसेक किलोमीटर म्हणजे मीटरवर सहा-साडेसहा युनिट. तीन तासांत काम होतं. (गाडीचा डॅशबोर्ड यापेक्षा कमी दाखवतो, चार्ज करताना वाया जाणारी वीज तो धरत नाही. बिल मात्र मीटरचंच येतं.)

दुसरा धडा टक्क्यांचा. ऐकीव सल्ल्यावर महिनाभर ८० टक्क्यांच्या वर चार्जच केली नाही. एके दिवशी २३ टक्के दिसत होते, पुढच्या सिग्नलला बघतो तर १४. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून किती चार्ज उरलाय ते कळत नाही. गाडी आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहते आणि चूक साचत जाते. पूर्ण चार्ज केली की हिशेब जुळतो. ८० टक्क्यांचा नियम मुख्यतः निकेलवाल्या बॅटऱ्यांचा. माझ्या मॅन्युअलमध्ये आठवड्यातून एकदा १०० करा असं स्वच्छ लिहिलं होतं. वाचलं कोणी? फक्त, पूर्ण भरलेली गाडी घेऊन उतारावर निघालात तर रीजन (वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरणं, ज्याने गाडीला ब्रेकही लागतो) जवळपास नसतं, कारण परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. पहिल्यांदा दचकायला होतं.

रेंजचं थोडक्यात: ताशी ८० ने मला २९० किलोमीटर मिळतात, ११० ने जेमतेम २१०. हवेचा विरोध या दोन वेगांत जवळजवळ दुप्पट होतो.

पूर्वी घरी आल्या आल्या प्लग लावायचो. चार्जरच्या स्क्रीनवर व्होल्टेज २०५ पर्यंत उतरलेलं असायचं, कारण सगळ्या वस्तीचा लोड त्याच वेळी. आता टायमर रात्री बाराचा आहे आणि आकडा २३० च्या आसपास असतो. टायमर लावला तरी झोपण्याआधी पाच मिनिटं हाताने चार्जिंग सुरू करतो, प्लगला हाताची पाठ लावून बघतो आणि मग आत जातो.