हे पॅकेज इथे कुणामुळे आलं? आर्बोरिस्टसोबतचे आठ महिने

नोड_मॉड्यूल्समध्ये, म्हणजे जावास्क्रिप्ट प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस (तयार कोड) ज्या फोल्डरमध्ये उतरतात तिथे, नेमकं काय काय येऊन बसलंय ते कोडने वाचायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कुणीही करेल तेच मी केलं. फोल्डरमागून फोल्डर उघडायचं, पॅकेज डॉट जेसन (पॅकेजचं नाव, व्हर्जन सांगणारी फाईल) वाचायची, यादी करायची. चाळीस ओळींत झालं. मग लक्षात आलं, अ‍ॅटच्या चिन्हाने सुरू होणारी पॅकेजेस एक पायरी आत असतात, ती सगळी सुटली होती. ती धरली, तर वर्कस्पेसच्या, म्हणजे त्याच प्रोजेक्टमधल्या आमच्या स्वतःच्या पॅकेजेसच्या, सिमलिंकमधून (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या शॉर्टकटमधून) स्क्रिप्ट गोल गोल फिरत बसली.

तेव्हा आर्बोरिस्टकडे, म्हणजे पॅकेजेसचं झाड (कुणाला कोण लागतं ते) वाचून देणाऱ्या लायब्ररीकडे वळलो. २०२० मध्ये पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या एनपीएम या टूलचं ७ वं व्हर्जन आलं तेव्हापासून एनपीएम स्वतः आतून हेच वापरतं. प्रोजेक्टचा पाथ द्यायचा, लोडअ‍ॅक्चुअल म्हणायचं, की झाड हातात. नेट लागत नाही, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. (लिहिणारी रेइफाय ही वेगळी मेथड. तिला मी अजून हात लावलेला नाही.)

माझी खरी गफलत वेगळीच होती. पॅकेज ज्याच्या फोल्डरमध्ये, त्याचीच ती डिपेंडन्सी (त्याला लागणारं पॅकेज), असं मी धरून चाललो होतो. पण २०१५ च्या एनपीएम ३ पासून पॅकेजेस जमेल तितकी वर, सपाट मांडली जातात. म्हणजे फोल्डरवरून जागा कळते, नातं नाही. आर्बोरिस्टमध्ये या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत: चिल्ड्रन म्हणजे डिस्कवरची जागा, एज म्हणजे मागणीचा दुवा; त्यात एजेसआउट म्हणजे हे पॅकेज कुणाला मागतं, आणि एजेसइन म्हणजे याला कोण मागतं. इन्व्हेंटरीला, म्हणजे झाडातल्या सगळ्या पॅकेजेसच्या यादीला, ‘सेमव्हर’ या पॅकेजचं नाव विचारलं, तर आमच्याकडे तीन व्हर्जन्स निघाली. प्रत्येकाच्या एजेसइनचा माग काढत वर गेलो, तर सर्वांत जुनं एका बिल्ड टूलने ओढून आणलं होतं आणि ते टूल आम्ही कधीच वापरणं सोडलं होतं. काढून टाकलं. लायसन्सप्रमाणे गट करणंही याच इन्व्हेंटरीतून होतं. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहिलेली होती, ती फुकट गेली.

वर्कस्पेस असतील तर एक सांभाळा: लिंक आणि तिचं टार्गेट हे दोन वेगळे नोड (झाडातल्या नोंदी) असतात. पहिल्या अहवालात आमची स्वतःची पॅकेजेस मी दोनदा मोजून दाखवली.

एक संध्याकाळ मात्र पार वाया गेली. चुकीचं व्हर्जन पकडलं जातं का हे बघायला एका पॅकेजच्या जेसनमधला आकडा हाताने बदलला. स्क्रिप्ट म्हणते, सगळं आलबेल. कॅश उडवला, नोड जेएसचं व्हर्जन बदललं, स्वतःवर शंका घेतली. कारण निघालं नोड_मॉड्यूल्समधल्या लपलेल्या लॉकफाईलचं (इन्स्टॉल झालेल्या व्हर्जन्सची नोंद ठेवणारी फाईल). ती सगळ्या पॅकेज फोल्डरांपेक्षा जुनी नसेल, तर झाड तिच्यावरूनच उभं राहतं. आणि आतली फाईल जागच्या जागी बदलली तर फोल्डरची वेळ बदलत नाही. फोर्सअ‍ॅक्चुअल ‘ट्रू’ केलं, की प्रत्येक फाईल खरोखर वाचली जाते आणि त्या एजवर ‘इनव्हॅलिड’ दिसतं. अर्थात वेळ जास्त लागतो.

एनपीएमऐवजी यार्न या टूलचं प्लग अँड प्ले वापरत असाल तर हे तुमच्या कामाचं नाही, तिथे वाचायला नोड_मॉड्यूल्सच नसतं. आम्ही एनपीएमवरच आहोत. दिवसभराच्या बिल्डमध्ये साधं लोडअ‍ॅक्चुअल चालतं, रात्रीच्या बिल्डमध्ये फोर्सअ‍ॅक्चुअल.