बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपचे आठ महिने: आधी नंबर सेव्ह झाला का ते बघा

दसऱ्याच्या आधी आमच्या घरच्या हळदीच्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंचा नागपूरहून फोन आला. "काकू, यंदा हळद केली नाही का? मेसेज तर आलाच नाही मले. मी दुकानातूनच घेतली." एप्रिलपासून तीनदा ब्रॉडकास्ट, म्हणजे यादीतल्या सगळ्यांना एकदमच जाणारा मेसेज, टाकला होता मी! पोटात गोळाच आला.

मुलाने तो मेसेज दाबून धरला, माहिती उघडली. यादीत 214 जण, पोचला 61 जणांना. बाकीच्यांनी आमचा नंबर सेव्हच केला नव्हता, आणि ब्रॉडकास्ट फक्त नंबर सेव्ह असलेल्यांनाच जातो. एका यादीत 256 जण बसतात हे मला पाठ होतं, पण ही गोष्ट ठाऊक नव्हती. स्टेटसचंही तसंच, तिथे तर दोन्हीकडून सेव्ह लागतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं, हळद वायगावची. जानेवारी-फेब्रुवारीत वावरातून काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. दळून येईस्तोवर मार्च उजाडतो. लोक वर्षाचं तिखट-हळद उन्हाळ्यातच भरून ठेवतात. तो अख्खा हंगाम असा गेला. अजून जीव हळहळतो.

अ‍ॅप फुकट आहे, पण धंद्याच्या नंबरासाठी घेतलेलं दुसरं सिम चालू ठेवायला रिचार्ज लागतंच, ते हिशोबात धरा. कॅटलॉग चांगला, दर तिथेच दिसतात म्हणून रात्री दहाला "रेट काय" विचारणारे कमी झाले. गिऱ्हाइकाच्या चॅटवर लावायची खूण, म्हणजे लेबल, असते; त्यातलं "पैसे बाकी" हे मला सगळ्यात कामी आलं. वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल सारखं विचारतात. ते उत्तर क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे आधीच लिहून ठेवायच्या उत्तरांत, टाकून ठेवलंय.

इन्स्टाग्राम म्हणजे वेळेची नासाडी, असं मी मे महिन्यात बहिणीला सांगितलं होतं. ते मत आता बदललंय. ओली हळद मोडून आतला गडद केशरी रंग दाखवलेला, नऊ सेकंदांचा साधा व्हिडिओ टाकला, त्यावरून पुण्याची माणसं प्रोफाइलमधल्या लिंकने थेट व्हॉट्सअ‍ॅपवर आली. आधी त्यांना नुसते दर पाठवत होते. आता पहिल्याच उत्तरात नंबर सेव्ह करायला सांगते.

फेसबुक पेजचं मात्र दुखणंच झालं. तालुक्याच्या एका मुलाने 2,500 रुपये घेतले आणि पेज स्वतःच्या ईमेलवर उघडलं. आता तो फोन उचलत नाही, पेज त्याच्याच हातात. कोणाकडूनही करून घ्या, पण ईमेल आणि पासवर्ड आपलाच ठेवा.

आता प्रत्येक पाकिटात चिठ्ठी जाते: "हा नंबर 'हळद काकू' नावाने सेव्ह करा, नवी हळद आली की कळवू." एका झेरॉक्समध्ये सोळा चिठ्ठ्या निघतात, कात्रीने मीच कापते. घरी कोणी घ्यायला आलं तर चहा होईस्तोवर समोरच सेव्ह करून घेते. दिवाळीचा मेसेज 156 जणांना पोचला आणि आठवडाभरात 22 किलो हळद गेली. एप्रिलमध्ये त्याच यादीवर 4 किलो गेली होती.

अजून 58 नावं राहिलीत. अनोळखी नंबर समजून कोणी रिपोर्ट केलं तर आपला नंबर बंद पडू शकतो, म्हणून एकेकाला मेसेज न धाडता सरळ फोनच लावते. रोज स्वयंपाक आटोपला की पाच जण. नवी हळद दळून येईस्तोवर यादी संपवायची आहे.