जुना पितळी मायक्रोस्कोप नाशिकमध्ये कुठे दुरुस्त होतो? माझा अनुभव (५ पैकी साडेचार स्टार)

बरेच दिवस लिहायचं होतं, आज जमलं. भांडी बाजारातून सराफ बाजाराकडे जाताना एका बोळात जुन्या उपकरणांचं एक छोटं दुकान आहे, बाहेर पाटी नाही, काचेच्या कपाटात पितळी तराजू, होकायंत्र, जुनी बीपीची मशिनं, लाकडी पेट्या असं दिसतं तेच. दुकानाचे मालक काका पूर्वी कॉलेजांच्या लॅबचे मायक्रोस्कोप आणि तराजू दुरुस्त करायचे, आता जुनी उपकरणं घेतात, विकतात, आणि मुख्य म्हणजे चालू करून देतात.

मी गेले ते आजोबांचा मायक्रोस्कोप घेऊन. आजोबा एलसीपीएस (तेव्हाची एक डॉक्टरकीची पदविका) डॉक्टर, सिन्नरला दवाखाना होता, मलेरियाच्या स्लाइड स्वतः रंगवून स्वतः बघायचे. ते गेल्यावर पेटी माळ्यावर पडून होती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत मी ती काढली आणि देवाची भांडी घासतो तशी वरची नळी चिंच आणि मीठ लावून घासली. नळी सोन्यासारखी लखलखीत झाली आणि मला फार बरं वाटलं. खालचा भाग राहिला कारण पाहुणे आले.

काकांनी पेटी उघडली, घासलेली नळी बघितली आणि एकदम गप्प झाले. मग म्हणाले, ताई, याच्यावर लाखेचं पातळ वार्निश होतं, गरम पितळेवर ब्रशने एकाच थरात मारलेलं, तो मधासारखा रंग पितळेचा नाही, त्या लाखेचा. आणि न घासलेला भाग खिडकीपाशी नेऊन दाखवला. खरंच, दोन वेगळी यंत्रं वाटत होती. घासलेली नळी दोन वर्षांत काळपट पडली होती आणि न घासलेला भाग शंभर वर्षांनंतरही तसाच. मला खूप वाईट वाटलं. मी म्हणलं, पुन्हा लाख मारून द्या, पैशाचं बघू. तर नाही म्हणाले! नवीन लाख जुन्या रंगाशी जुळणार नाही, आणि जुळवायला राहिलेली जुनीही काढावी लागेल, जे राहिलंय ते राहू दे. हातचं काम असं सोडून देणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला, आणि साडेचार स्टारमधले निम्मे त्यासाठीच आहेत.

बाकी दुरुस्ती मात्र मनापासून केली. फोकसची चाकं जाम होती, मी जोर लावून फिरवत होते, तेही चूक. आतलं ग्रीस वर्षानुवर्षं सुकून डिंकासारखं होतं आणि जोर लावला की दाते तुटतात. काकांनी थोडी ऊब देऊन सोडवलं, जुनं ग्रीस काढून नवीन भरलं. ऑइल इमर्शनच्या (स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून बघायच्या) भिंगावर पिवळा कडक थर होता, ते आजोबांच्या वेळचं सीडरवूड तेल, सुकून लाखेसारखं झालेलं. लेन्स पेपरला झायलीन हे तेल विरघळवणारं रसायन अगदी थेंबभर लावून, थांबून थांबून काढलं, कारण जास्त लावलं तर आतली भिंगं ज्याने चिकटवलेली असतात तो बाल्सम नावाचा डिंक सुटतो. एक भिंग फुटलेलं होतं. तिथे त्यांनी चक्क आताच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपचं भिंग फिरवून बसवलं आणि बसलं! १८५८ मध्ये लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने भिंगाच्या आट्यांचं माप ठरवून दिलं ते आजही चालतं. फक्त हा लाइट्झ या जर्मन कंपनीचा आहे, याची नळी १७० मिमी धरून भिंगं बनवलेली आणि आताची बरीचशी १६० ला, म्हणून कमी पॉवरला चालेल, जास्त पॉवरला चित्र स्वच्छ येणार नाही हे आधीच सांगितलं, बसवून मोकळे झाले नाहीत.

वय काढलं ती गोष्ट तर मला फारच आवडली. नळीवर एर्न्स्ट लाइट्झ, वेट्झलार (कंपनीचं जर्मनीतलं गाव) आणि एक लाख बावीस हजारांच्या घरातला नंबर आहे. काका म्हणाले, लाइट्झने एक लाखावा मायक्रोस्कोप १९०७ मध्ये रॉबर्ट कॉखना दिला, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारे तेच, आणि दीड लाखावा १९१२ मध्ये पॉल एहर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांना. म्हणजे तुमचा या दोघांच्या मधला. आजोबांचा तेव्हा जन्मही नव्हता! म्हणजे त्यांनी तो सेकंडहँड घेतला, पहिला मालक कोण कोणास ठाऊक.

जर्मनीतला माझा मामेभाऊ म्हणत होता मला दे, वेट्झलार इथून जवळ आहे. काकांनी लगेच थांबवलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, त्यात विज्ञानाची उपकरणंही आली, सामान्य माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हे मला घरात कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत धाकटा भाऊ बरोबर होता, त्याने ऑनलाइन घेतलेला पितळी सेक्स्टंट (जहाजावर सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजायचं यंत्र) घेऊन. वर कोरलंय, केल्व्हिन अँड ह्यूज, लंडन, १९१७. काकांनी हातात घेतला आणि सांगितलं की या दोन कंपन्या एकत्र आल्याच मुळी १९४७ मध्ये, मग १९१७ साली हे नाव कोरलं कोणी? शिवाय आरसे ॲडजस्ट करायचे स्क्रूच नाहीत. शोभेची वस्तू म्हणून ठेव, जुनी म्हणून कोणाला विकू नको असं नीट समजावलं. भाऊ नाराज झाला पण पटलं त्याला.

मी तिथून स्वतःसाठी एक वस्तू घेतली, औषधं तोलायचा छोटा तराजू, सागवानी पेटी, आत मखमल, बाराशे रुपये. वजनांवर ३ सारखं चिन्ह होतं, मी म्हणलं मराठी तीन कसा आला इंग्रजी वजनांवर! काका म्हणाले, तो तीन नाही, ड्राम या जुन्या इंग्रजी औषधी वजनाची खूण आहे. ६० ग्रेनचा (ग्रेन म्हणजे त्यातलं सगळ्यात छोटं माप) एक ड्राम, म्हणजे आपले पावणेचार ग्रॅमच्या थोडे वर, आणि २० ग्रेनचा स्क्रूपल. गंमत म्हणजे तीन स्क्रूपल मिळून एक ड्राम होतो, त्यामुळे तो तीन माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. वजनं चिमट्यानेच उचलायची, बोटांचा घाम लागला की पितळ डागतं.

एक काळजीची गोष्ट. जुन्या बीपीच्या मशीनमध्ये पारा असतो. काकांनी मशीन दाखवायच्या आधी मला बोटातली अंगठी काढायला लावली, पारा सोन्यात शिरतो आणि अंगठी पांढरी पडते. ते मशीन उभंच ठेवतात, खाली कडेचा ट्रे, आणि घरात लहान मुलं असतील तर विकत नाहीत. घरी असं मशीन असेल तर उघडू नका, हलवतानाही आडवं करू नका.

आता कमी काय ते. वेळ फार लागतो, मला पंधरा दिवस सांगून सात आठवडे लागले आणि मधे फोन करून कळवलं नाही. किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत, विचारायला संकोच वाटतो. दुरुस्तीचे अठराशे घेतले, ते मला रास्त वाटले. दुपारी एक ते चार बंद. गाडी दहीपुलाच्या आसपास लावायचा प्रयत्न करू नका, रविवार कारंजाच्या अलीकडेच कुठेतरी लावा आणि चालत जा. पावसाळ्यात तर फोन करूनच जा, त्या भागात पाणी शिरतं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढल्याची बातमी आली की काका खालची कपाटं रिकामी करून सगळं माळ्यावर नेतात, आणि मग चार दिवस काही सापडत नाही. भिंगांना बुरशीही याच दिवसांत लागते, मला पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून दिल्या, रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरायच्या.

परवा मुलीच्या वर्गातली चार पोरं घरी आली होती, त्यांना त्यावर कांद्याची साल दाखवली. आरसा खिडकीकडे वळवला, पेशी स्वच्छ दिसल्या, आणि वरची नळी काळपट, खालचा भाग मधाच्या रंगाचा, असंच आहे अजून.

माझ्या तराजूच्या पेटीत दोन ड्रामचं वजन नाहीये, तो खड्डा रिकामा आहे. कोणाच्या घरी जुन्या दवाखान्याच्या सामानात ३ ची खूण असलेलं पितळी वजन पडलेलं असेल तर काकांकडे नेऊन द्या, त्यांनी वहीत माझं नाव लिहून ठेवलंय. आणि कृपा करून चिंचेने घासून नेऊ नका.