बालरथ, कंत्राटी बस की व्हॅन? गोव्यातल्या शालेय वाहतुकीची तपासणी

निकाल आधी सांगून टाकू. मूल अनुदानित शाळेत असेल आणि बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतून अशा शाळांना मिळालेली बस, तुमच्या वाड्यापर्यंत येत असेल, तर तोच घ्या. नसेल तर शाळेने स्वतःच्या लेटरहेडवर करार केलेली पिवळी बस. व्हॅन तिसऱ्या क्रमांकावर, आणि पांढऱ्या नंबरप्लेटची व्हॅन यादीतच नाही. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. तिच्यात भाडं घेऊन मुलं नेता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला आक्षेप त्यावरच घेते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी रेंट-अ-कारची, तीही या कामाची नव्हे. पिवळी पाटी, काळी अक्षरं: बाकी सगळं त्यानंतर विचारायचं.

मोजमाप कशाने करायचं, तर देशातल्या नियमांनी. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ज्या अटी घातल्या, त्याच आजही पाया आहेत. पिवळा रंग, पुढेमागे ‘स्कूल बस’ ही अक्षरं, शाळेचं नाव आणि फोन नंबर, खिडक्यांना आडवे गज, अग्निशामक नळकांडं, प्रथमोपचार पेटी, दाराला भरवशाचं कुलूप, सोबत मदतनीस, आणि जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला ड्रायव्हर. भरधाव वेगाबद्दल किंवा दारू पिऊन चालवल्याबद्दल एकदा जरी चलन झालं असेल, तरी त्याला शाळेच्या बसवर ठेवायचं नाही. ही शेवटची अट पालकसभेत कुणी विचारत नाही. विचारा.

पुढे स्कूल बससाठी एआयएस-०६३ आणि एकूण बस बांधणीसाठी एआयएस-०५२ ही मानकं आली (एआयएस म्हणजे देशातली वाहन उद्योगाची मानकं). आग लागण्याच्या बाबतीत आधी सगळं लक्ष इंजिनाच्या भागावर होतं. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने आगीबद्दलच्या एआयएस-१३५ मध्ये दुरुस्ती केली आणि लांब पल्ल्याच्या बसबरोबर स्कूल बसमध्येही, जिथे मुलं बसतात त्या भागात, आगीची सूचना देणारी आणि आग आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आणली. पण हे नव्या बांधणीच्या गाड्यांसाठी. मानक सुधारलं म्हणून तुमच्या दारात येणारी जुनी बस सुधारत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.

वेगाच्या बाबतीत तर कागदावरच घोळ आहे. न्यायालयाच्या अटींमध्ये आणि सीबीएसईच्या सूचनांमध्ये मर्यादा ताशी ४० किलोमीटर, तर केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ प्रमाणे स्कूल बसचा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग ठरल्यापुढे जाऊ न देणारं यंत्र, ६० वर लावलेला चालतो. म्हणजे पासिंगला, आरटीओच्या तपासणीत, ६० वाली गाडी बिनदिक्कत पास होते आणि ठेकेदार ‘सगळं नियमात आहे’ म्हणतो, तेही खरंच. राष्ट्रीय मानकाला हात घालायचाच असेल तर आधी इथे घालावा. तोवर करारात ४० लिहून घ्या. गव्हर्नरवर सील असतं, ते अखंड आहे का, आणि प्रमाणपत्रावरचा नंबर यंत्रावरच्या नंबराशी जुळतो का, एवढं बघायला मेकॅनिक लागत नाही. सील तुटलेलं असेल तर वायर काढून गाडी मोकळी केलेली असण्याची शक्यता मोठी.

आता गज. मुलांनी डोकं-हात बाहेर काढू नयेत म्हणून ते हवेतच. पण गज आले की खिडकीतून बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला, त्यामुळे सगळा भार आपत्कालीन दारावर येतो. बहुतेक गाड्यांत नेमकं तेच दार नादुरुस्त. कधी त्याच्यापुढे जादा सीट ठोकलेली असते, कधी स्टेपनी किंवा दप्तरांचा ढीग, कधी चोरी होऊ नये म्हणून बाहेरून टाळं. पावसाळ्यानंतर तर रबर फुगून दार चौकटीला चिकटतं आणि मोठ्या माणसालाही खांदा लावावा लागतो. तपासणी सोपी आहे: ड्रायव्हरला ते दार आतून उघडून दाखवायला सांगा. पाना शोधायला गेला तर उत्तर मिळालं. नळकांड्याचंही तसंच. काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन जागेवर हवी, आणि ते सीटखाली नको, ड्रायव्हरचा हात पोचेल तिथे हवं.

गोव्यातल्या बसचा खरा शत्रू गंज. किनाऱ्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असला की पत्रा वरून पिवळाधमक आणि खालून जाळी. तीन जागा बघायच्या. पहिली, दाराच्या पायऱ्या: कडेला बुटाच्या टाचेने दाबा, पत्रा लवला तर आत कुजलाय. दुसरी, सीटचे पाय जिथे जमिनीला बोल्टने धरलेले असतात ती जागा. मॅट उचला. बोल्टभोवती तांबडी पूड दिसली आणि सीट हाताने हलली, तर अचानक ब्रेक लागला की ती सीट मुलासकट पुढे जाणार. तिसरी, मागच्या चाकांवरचा पत्रा, जिथे चिखल साचून राहतो. त्यातच सीटच्या पाठीवर उघडा लोखंडी पाइप असेल तर मागच्या मुलाचे दात त्याच उंचीवर असतात. फोमचं वेष्टन ही काही महागाची वस्तू नव्हे.

टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नियमाने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर चालते, पण पावसात भिजलेल्या घाटवळणावर ती फार कमी. जूनआधी याच्या दुप्पट तरी हवी, आणि पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, टायर नकोच. पासिंग आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी होतं. दोन पासिंगच्या मध्ये गोव्यात दोन पावसाळे जातात, हे लक्षात ठेवून तपासणी स्वतः करा.

पण सगळ्यात मोठा धोका बसच्या आत नाही, दारापासून दहा फुटांत आहे. अमेरिकेत ही गोष्ट फार लवकर ओळखली गेली. १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक सायर यांनी देशभरची राज्यं एकत्र बसवून ४४ मानकं ठरवली. तो प्रसिद्ध पिवळा रंगही तिथलाच, पहाटेच्या-संध्याकाळच्या उजेडात त्यावरची काळी अक्षरं ठळक दिसतात म्हणून निवडलेला. तेव्हापासून तिथे ही मानकं पुन्हा पुन्हा बसून सुधारली जातात. तांबडे दिवे लुकलुकत बस थांबली आणि बाजूची ‘स्टॉप’ पाटी बाहेर आली की मागची वाहनं थांबलीच पाहिजेत. आपण रंग घेतला, थांबण्याची शिस्त घेतली नाही. इथे बस थांबली की मागचा स्कूटरवाला डावीकडून, म्हणजे थेट दाराच्या बाजूने, घुसतो. त्यामुळे आपल्याकडे सगळी सुरक्षा मदतनिसावर. तो किंवा ती आधी उतरून मागचं वाहन हाताने थांबवते, मग मुलं उतरतात, आणि रस्ता ओलांडायचा असेल तर बस पुढे गेल्यावर, हात धरून. मदतनीस आतच बसून नुसतं दार उघडत असेल तर त्या सेवेला आम्ही नापास म्हणू, गाडी कितीही नवी असो. तिठ्यावर गाडी मागे घ्यायची तर खाली उतरलेला माणूस हवाच. फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघणं हेही त्याचंच काम: झोपलेलं लहान मूल सीटच्या आड दिसत नाही, आणि मे महिन्यात बंद बस काही मिनिटांत तापते.

या कसोटीवर बालरथ पुढे का? कारण गाडी शाळेच्या हाती, ड्रायव्हर आणि मदतनीस ओळखीचे, दोन फेऱ्यांच्या मध्ये पर्यटकांचं भाडं मारायची घाई नाही. उणीव अशी की देखभाल प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापनावर अवलंबून, त्यामुळे एक बालरथ टकाटक तर दुसऱ्याचा वायपर जुलैत बंद. पगारावरून कर्मचारी संपावर गेले की पर्यायी व्यवस्था पालकांनाच करावी लागते, याचीही तयारी ठेवा. कंत्राटी बस चांगली असू शकते, पण ती करारात जेवढं लिहिलंय तेवढीच चांगली. व्हॅनमध्ये मदतनीस नसतो, लांबट बाकडी टाकून मुलं समोरासमोर बसवलेली असतात, मागच्या दाराला दप्तरं टेकलेली, आणि एलपीजी किट असेल तर टाकी त्याच भागात. घ्यायचीच वेळ आली तर सगळ्या सीट पुढे तोंड करून आणि सीटइतकीच मुलं, या दोन अटींवर अडून बसा.

जीपीएसचं फार कौतुक ऐकायला मिळतं. एआयएस-१४० या मानकाने प्रमाणित जीपीएस यंत्रात स्वतःचं सिम असतं, आतली बॅटरी असते, आपत्कालीन बटण असतं. ठेकेदाराने ड्रायव्हरच्या मोबाइलवर चालणारं ॲप दाखवलं तर ते हे नव्हे. सत्तरीच्या किंवा सांग्याच्या आतल्या भागात नेटवर्क गेलं की नकाशावरची बस जागच्या जागी उभी दिसते, तेव्हा घाबरून ड्रायव्हरला फोन करू नका. गाडी चालवताना तो फोन उचलणार.

आणि एक प्रश्न करारावर सही करण्याआधी: नेहमीची बस गॅरेजमध्ये गेली की कुठली येणार? गोव्यात बहुतेकदा टुरिस्ट मिनीबस येते, सरकत्या काचांची, गज नसलेली, पडदेवाली. भाड्याच्या गाडीवर ‘ऑन स्कूल ड्यूटी’ ही पाटी लावणं न्यायालयाच्या अटींमध्येच आहे, तेवढी पाटी लावली की काम झालं असं मात्र नाही. बदली गाडीचा नंबर, तिचं पासिंग, ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या प्रती नेहमीच्या गाडीच्या कागदांबरोबरच घ्या, आणि मदतनीस नेहमीचाच असेल हे लिहून घ्या. ऑक्टोबर ते मे या हंगामात ठेकेदार या कलमावर कुरकुर करतात. त्याच हंगामात बदली गाड्या जास्त येतात.