६५० रुपयांचा खुळखुळा, सात महिन्यांनंतर

मिनो ल्यूर, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचं खोटं आमिष; त्याचं माप, वजन सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो. माझं भांडण त्याच्या पोटातल्या छर्‍यांशी. जरा हलवला की खुळखुळतो. ६५० रुपये मोजून बारशाला न्यायची वस्तू आणली की काय असं वाटलं. धक्क्यावरचे तात्या म्हणाले, "एवढ्यात पंधरा दिवसांची कोळंबी आली असती रे."

ऑक्टोबर ते डिसेंबर रेवदंड्याच्या खाडीत एक जिताडा लागेल तर शपथ. जायचो तो भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटी मंद, पाणी निवळ. मासा मागे यायचा, हातभर अंतरावरून परत फिरायचा. मी छर्‍यांना शिव्या घातल्या.

जानेवारीत उधाणाच्या ओहोटीला पाणी चहासारखं गढूळ झालं आणि पहिला लागला, दीड किलोचा. तिथे शिव्या मागे घेतल्या. असल्या पाण्यात डोळ्यांचा उपयोग काय? माशाच्या कुशीवर जी लांब रेघ असते, तिच्यातून त्याला जवळची थरथर कळते. छर्‍यांचा आवाज त्याच्याही पलीकडून ऐकू येतो, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो. खुळखुळा माफ. लाल डोक्यासाठी जादा दिलेले १०० रुपये मात्र डोळ्यांदेखत बुडाले. असल्या गढुळात रंग बघतो कोण?

मार्चमध्ये दगडावर आपटून ल्यूरच्या तोंडाची प्लास्टिकची जीभ तुटली. दुकानदार म्हणे, पाण्यात गेलेल्या मालाला वॉरंटी नाही. मग काय तो शोकेसमध्ये पोहवायचा?

फेविक्विकने चिकटवली, ती तिरकी बसली. आता ल्यूर एका कुशीवर कलतो, दोन हात सरळ जातो, मधेच लडखडतो. त्याच संध्याकाळी तिवरांच्या मुळांतून धप्प आवाज आला आणि रॉड वाकला. एप्रिलमध्ये आणखी तीन.

फिनलंडचा मच्छीमार लाउरी रापाला याने हेच होडीतून पाहिलं होतं: थव्यातला जो मासा जरा डगमगतो, मोठा मासा नेमका त्याच्यावर झडप घालतो. म्हणून १९३६ साली त्याने बूच कोरून डगमगणारा मासा बनवला. कंपनीने माझा फारच धडधाकट बनवलाय.

एक राहिलंच, हुक दर खेपेला गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गंजतात.

तसलाच एक नवा आणून ठेवला होता, पाकीट फोडलं नव्हतं. परवा तात्यांनी "तुझा तो वाकडा दे जरा" म्हणून मागितला. नवा दिला.