कॉलेज रोडवरील जर्मन वर्ग: वॉर्डातल्या कामाच्या कसोटीवर

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका जर्मन भाषावर्गात मी ए-वन या प्राथमिक पातळीपासून बी-टू या वरच्या मध्यम पातळीपर्यंत शिकले आणि त्यानंतर श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाले. जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या अनेक मुली त्या वर्गाविषयी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

व्याकरणाची भक्कम पायाभरणी हा या वर्गाचा सर्वांत मोठा गुण आहे. तीन लिंगे मराठी माणसाला नवी नाहीत. परंतु चार विभक्तींनुसार बदलणारी उपपदे अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि तो वेळ बाई मनापासून देतात. वह्या त्या स्वतः तपासतात, प्रत्येक चुकीसमोर नियम लिहितात आणि वाक्य पुन्हा लिहून आणायला लावतात. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटच्या केंद्रात, बी-टूची परीक्षा देताना वाचन आणि लेखन मला सोपे गेले, ते यामुळेच. या परीक्षेचे चारही भाग स्वतंत्रपणे देता येतात आणि प्रत्येकात 100 पैकी 60 गुण लागतात, हेही वर्गात पहिल्यापासून स्पष्ट सांगितले जाते.

श्रवण आणि संभाषण यांत मात्र वर्ग कमी पडतो. ऐकवल्या जाणाऱ्या ध्वनिफिती संथ आणि स्वच्छ प्रमाण जर्मनमधील आहेत. आमच्या वॉर्डातील वृद्ध रुग्ण श्वाबी या तिथल्या स्थानिक बोलीत बोलतात. तीत ‘इस्ट’चे (आहे) ‘इश’ आणि ‘निश्त’चे (नाही) ‘नेट’ होते, आणि कवळी काढून ठेवलेले आजोबा मध्यरात्री काही मागू लागले की सुरुवातीला मला एक अक्षर कळत नसे. पाळी बदलतानाची माहितीची देवाणघेवाण त्याहून अवघड, कारण सहकारी परिचारिका रुग्णामागून रुग्णाची स्थिती भराभर, निम्मी संक्षेपांत सांगत जाते आणि आपल्याला ती ऐकता ऐकता टिपावी लागते. मी औषधाची मात्रा मोठ्याने परत म्हणून खात्री करून घेत असे आणि पाळी संपल्यावर न कळलेले शब्द ज्येष्ठ सहकारिणीला विचारत असे.

वर्गात याविषयी विचारले की ‘तिकडे गेल्यावर आपोआप सुधारेल’ असे उत्तर मिळते. ते मला मान्य नाही. माझ्याच निवासात राहणाऱ्या काही मुली कामावरून आल्यावर फक्त आपसांत, आपल्याच भाषेत बोलत. बराच काळ लोटला तरी वॉर्डातला फोन उचलायला त्या कचरत असत. जर्मनीत परिचारिकेच्या पात्रतेला मान्यता मिळण्यासाठी ज्ञानपरीक्षेचा मार्ग घेतल्यास तोंडी आणि प्रात्यक्षिक असे दोन्ही भाग जर्मनमध्येच द्यावे लागतात, त्यामुळे या संकोचाची किंमत थेट पदावर आणि पगारावर मोजावी लागते. ज्यांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर जेवणाची सुट्टी घालवली, गावातल्या गायनमंडळात किंवा क्रीडामंडळात नाव नोंदवले, त्यांची भाषा पाहता पाहता मोकळी झाली.

शुल्क हप्त्यांत भरता येते. संध्याकाळच्या तुकडीला गर्दी फार असते, शिवाय त्या वेळी कॉलेज रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही. सकाळची तुकडी घ्यावी. व्याकरण आणि लेखनासाठी मी हा वर्ग निःसंकोच सुचवते. प्रवेश घेताना मात्र दर आठवड्याला किमान एक तास केवळ संभाषणासाठी राखून ठेवण्याची मागणी अवश्य करावी, आणि तो तास मिळाला नाही तर बी-वननंतर संभाषणाची वेगळी शिकवणी लावावी.